टायटॅनियम कार्बाइड आहे म्हणून गंजणार नाही?

बडोद्यातल्या कारखानदार मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. पोलादात बांधलेलं टायटॅनियम कार्बाइड (टायटॅनियम-कार्बनच्या कडक संयुगाचे कण पोलादात घट्ट बसवलेला माल) म्हणजे टायटॅनियमच, ते गंजत नाही, झिजतही नाही, कार्बाइड जितकं जास्त तितका माल चांगला, चुंबक चिकटला तर भेसळ समजा. मकरपुऱ्यात पंपाचे भाग बनवणारे आणि नंदेसरीच्या केमिकल प्लांटांत ते बसवणारे, दोघेही तो पुढे ढकलताहेत. म्हणून हे उत्तर.

आधी गंज, कारण खरं नुकसान तिथेच होतं. टायटॅनियम धातूला वाचवतो तो त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा. या मालात टायटॅनियम धातूरूपात नसतोच, तो कार्बनशी बांधलेला असतो. कार्बाइडचे कण आकारमानाने साधारण 30 ते 45 टक्के. बाकीचं पोलाद, आणि गंजतं ते पोलाद. कण स्वतः बरंच सोसतो, पण शेजाऱ्याला वाचवत नाही. उलट टायटॅनियम कार्बाइड विजेचं वाहक आहे. मिठाच्या पाण्यात बॅटरीसारखी जोडी जमते: कण कॅथोड (शाबूत राहणारं टोक) होतो, पोलाद ॲनोड (विरघळणारं टोक), आणि कणाच्या कडेनेच पोलाद विरघळू लागतं. अशी खराब झालेली बुश (दांड्याभोवती बसणारी नळी) भिंगाखाली धरा: कण वर आलेले, त्यांच्याभोवती काळे चर. बोट फिरवलं की सँडपेपरसारखं लागतं.

त्यामुळे विचारायचं ते पोलाद कोणतं हे. पोलादात विरघळलेलं क्रोमियम 11-12 टक्क्यांच्या वर असेल तरच रक्षक पापुद्रा नीट धरतो. टूल स्टीलवाल्या (हत्यारं आणि साचे बनवायच्या पोलादाच्या) ग्रेडमध्ये ते बरंच कमी असतं. क्रोमियम भरपूर असलेला मार्टेन्सिटिक (तापवून झटकन थंड केल्यावर कडक होणारा) ग्रेडसुद्धा 500 अंश सेल्सिअसच्या आसपास टेंपर केला (कडक केल्यावर पुन्हा तापवला), की क्रोमियमचा काही भाग कार्बाइडात अडकतो आणि गंजरोध घसरतो. म्हणजे सर्टिफिकेटवर रसायन बरोबर, तरी भाग गंजलेला. कलाभवनात (बडोद्याच्या विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात) मेटलर्जी शिकलेल्या कुणालाही विचारा.

झिजेबद्दल मेसेज अर्धा खरा आहे. कोरड्या डाय-पंचाच्या कामात हा माल साध्या टूल स्टीलपेक्षा खूप जास्त टिकतो. ॲनील (तापवून सावकाश थंड करून मऊ केलेल्या) अवस्थेत तो लेथवर कापता येतो, ही तर फार मोठी सोय. टंगस्टन कार्बाइडला हिऱ्याचं चाक लागतं. पण त्या अवस्थेत कडकपणा 40-45 एचआरसीच्या (रॉकवेल या कडकपणाच्या मापाच्या) आसपासच असतो. हार्डनिंग (तापवून झटकन थंड) केल्यावर तो 70 च्या जवळ जातो. हार्डनिंगचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही! हार्डनिंग न करता तसाच बसवला, तर वाळू मधलं पोलाद खरवडते आणि आधार गेलेले कण निखळतात. त्यात द्रव गंजवणारा असेल, तर घासणं पापुद्रा काढतं, उघडं पडलेलं पोलाद गंजतं, आणि तो कमजोर थर पुन्हा घासला जातो. गंज आणि झीज वेगवेगळे मोजून केलेल्या बेरजेपेक्षा हे नुकसान जास्त असतं.

कार्बाइड वाढवलं की कडकपणा वाढतो, पण माल ठिसूळही होतो. धक्के बसणाऱ्या जागी तो तडकतो.

चुंबकाची गोष्ट साफ चुकीची. मार्टेन्सिटिक पोलादाला चुंबक चिकटणारच. ऑस्टेनिटिकला (वेगळ्या अंतर्गत रचनेच्या पोलादाला) सहसा चिकटत नाही. यात भेसळीचा काही संबंध नाही.

क्लोराइड असलेल्या (मिठाच्या पाण्यासारख्या) द्रवासाठी भाग घेताना पोलादाचा ग्रेड, टेंपरिंगचं तापमान आणि शेवटचा कडकपणा ऑर्डरवरच लिहून घ्या. चाचणीही तुमच्याच द्रवात, घासत असताना करून मागा. कोरडी वाळू आणि फिरतं चाक वापरून काढलेला झिजेचा आकडा या कामाला लागू पडत नाही.