प्राग उलटं चाला!

लेख छान, पण एक सुचवतो. तुम्ही प्रागचा राजमार्ग पावडर टॉवरपासून किल्ल्यापर्यंत, म्हणजे राज्याभिषेकाची मिरवणूक जायची तसाच चालायला सांगितलाय. राजेलोक घोड्यावर होते हो! आम्ही आईला घेऊन गेलो होतो, तिचे गुडघे नेरुदोवा गल्लीच्या चढावरच बोलायला लागले. दुसऱ्या दिवशी शहाणे झालो. २२ नंबरची ट्राम पकडून थेट वर किल्ल्यापाशी उतरलो आणि आरामात खाली चालत आलो.

उताराला नेरुदोवा नीट बघताही येते. १७७० मध्ये घरांना नंबर मिळाले, त्याआधी घर ओळखायचं ते दारावरच्या चिन्हावरून. तीन व्हायोलिनी, दोन सूर्य अशी चिन्हं अजून आहेत. आई प्रत्येक दारापाशी थांबून "हे कुणाचं गं?" विचारत होती, बायकोला!

चार्ल्स पुलावर मात्र सकाळी सातच्या आत पोचा, नंतर पुतळे कमी आणि सेल्फी स्टिक जास्त.

आणि एक राहिलंच तुमच्या लेखात. जुन्या चौकात सगळे १४१०च्या घड्याळाकडे माना वर करून उभे असतात. तिथेच टाऊन हॉलच्या पूर्वेच्या भिंतीलगत जमिनीत पांढऱ्या दगडांचे २७ क्रूस बसवलेत. २१ जून १६२१ला तेव्हा राज्य करणाऱ्या हाब्सबर्ग राजघराण्याविरुद्ध उठलेल्या २७ जणांना तिथे मारलं होतं. लोक त्यावर उभं राहून आइस्क्रीम खातात. आम्हीही खाल्लं, कळलं तेव्हा बाजूला झालो.