उपग्रह उडण्याआधी भांडा

गावाकडच्या ग्रुपवर पावसाळ्यात दोन वाद ठरलेले. एक कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा, दुसरा उपग्रहांचा. एवढे उपग्रह वर असून कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली उद्या किती पाणी येणार ते सांगता येत नाही, मग हा खर्च कशाला, असं सांगलीचा मावसभाऊ विचारतो. लगेच कुणीतरी तिरंगा टाकतं आणि वाद तिथेच संपतो.

मी राहतो त्या जर्मनीतल्या डार्मस्टाटमध्ये युरोपच्या हवामान उपग्रहांची संस्था, युमेटसॅट, आहे. इकडे भांडण उपग्रह कागदावर असतानाच सुरू होतं. युरोपीय अंतराळ संस्था शास्त्रज्ञांकडून कल्पना मागवते, मोजक्या निवडून काही वर्षं तपासते आणि शेवटी उरलेल्यांना भरसभेत आपली बाजू मांडायला लावते. आज काय मोजता येत नाही, आणि ते मोजलं तर कुणाचं अडलेलं काम सुटेल, यावर तिथे कीस पडतो. अर्थात हा कारभार गोगलगायीचा. वारा मोजणारा त्यांचा एओलस उपग्रह १९९९ साली निवडला गेला आणि उडाला २०१८ मध्ये. त्याचा लेझर निर्वात पोकळीत स्वतःचीच भिंगं खराब करी. थोडा ऑक्सिजन सोडायचा उपाय सापडेपर्यंत वर्षं गेली. एवढी सबुरी आपल्याला परवडणारी नाही.

पण आपल्याकडेही नेमका प्रश्न धरून आखलेली मोहीम झाली आहे. इस्रो आणि फ्रान्सचा मेघा-ट्रॉपिक्स उपग्रह, २०११. ध्रुवांवरून फिरणारा उपग्रह एका गावावरून साधारण दिवसातून दोनदा जातो. तेवढ्यात आपल्याकडचे ढग जमून, बरसून मोकळे होतात. म्हणून त्याची कक्षा विषुववृत्ताशी फक्त २० अंशांवर ठेवली, की आपल्या पट्ट्यावरून दिवसातून अनेक फेऱ्या व्हाव्यात. मार्च २०२३ मध्ये त्याला पॅसिफिकवर पाडलं, त्याची बातमी झाली. २० अंश का, यावर ग्रुपवर एक ओळ आली नाही.

मावसभावाचा प्रश्न अर्धा बरोबर आहे. पुलाखालचं पाणी कोयनेच्या विसर्गावरही ठरतं, ते कुठला उपग्रह सांगणार? पण कोयनेच्या पाणलोटात किती पडतंय, हे त्याने सांगायला हवं, आणि तिथेच गोम आहे. ३६,००० किलोमीटरवरचा आपला हवामान उपग्रह इन्सॅट-३डीएस अवरक्त किरणांतून ढगाचा माथा बघतो. माथा जितका थंड, तितका पाऊस जास्त, असा ढोबळ हिशेब. घाटमाथ्यावरचे पावसाळी ढग पुष्कळदा बुटके असतात, माथा फारसा थंड नसतो, तरी महाबळेश्वरला धो धो कोसळतं. हिशेबात तो पाऊस कमी भरतो. शिवाय महाबळेश्वर ते पाचगणी रस्त्याने जेमतेम २० किलोमीटर आणि पाऊस निम्म्याहून कमी. पुढे माण-खटावात तर टँकर. मेघा-ट्रॉपिक्सवरच्या आर्द्रता मोजणाऱ्या यंत्राचा एक ठिपकाच, म्हणजे एका मोजणीत येणारा तुकडा, किमान १० किलोमीटरचा होता.

ढगाच्या आत बघायचं तर उपग्रहावर रडार हवं. ते जड, महाग, वीज खाणारं. आणि डोंगराचा प्रतिध्वनी जमिनीलगतचा पाऊस झाकतो, म्हणजे नेमका आपलाच. तरी माझं मत रडारच्या बाजूने आहे, कारण पडताळणीला महाबळेश्वरात आयआयटीएमची, म्हणजे पुण्याच्या हवामान संशोधन संस्थेची, ढगांची प्रयोगशाळा २०१२ पासून उभी आहे. कुणाला त्याच पैशात लहान लहान चार उपग्रह बरे वाटतील. त्यांनी ग्रुपवर तसं लिहावं, तिरंगा नंतर टाकावा.