मूळ संच पाहिजे म्हणे!

दादाचं म्हणणं असं, की त्याची फसवणूक झाली. पुण्यात एका जुन्या संगीत नाटकाचा प्रयोग होता. जाहिरातीत ज्याचं नाव ठळक टायपात होतं त्या गायकाचा घसा बसला आणि आयत्या वेळी त्याच्या जागी पंचविशीतला एक मुलगा उभा राहिला. तिकीटखिडकीवर आरडाओरडा झाला, बऱ्याच जणांनी पैसे परत मागितले, दादा त्यांतलाच. मग आमच्या भावंडांच्या ग्रुपवर दिवसच्या दिवस तेच दळण. आतेभाऊ म्हणतो, "मूळ संच नसेल तर नाटक बघायचं कशाला?" वहिनी म्हणते, नाटकवाल्यांना प्रेक्षकांची किंमतच उरली नाही. तो मुलगा गायला कसा, हे मात्र एकानेही लिहिलं नाही. मी विचारलं तर दादाचं उत्तर, "आम्ही थांबलोच नाही गं."

इथे माझं डोकं फिरलं.

माझं ऑफिस न्यूयॉर्कच्या थिएटर डिस्ट्रिक्टला लागून. बुधवारी दुपारी जेवायला खाली उतरलं की मॅटिनीच्या रांगांतून वाट काढत सॅलड घ्यायला जावं लागतं, त्यामुळे ब्रॉडवेचं, म्हणजे इथल्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीचं, कौतुक वगैरे मला राहिलेलं नाही. पण मूळ संचाचा विषय निघाला की मला 'फँटम ऑफ दि ऑपेरा' हे इथलं संगीत नाटक आठवतं. २६ जानेवारी १९८८ ला मॅजेस्टिक थिएटरमध्ये सुरू झालं, १६ एप्रिल २०२३ ला बंद झालं, प्रयोग १३,९८१. मायकेल क्रॉफर्ड आणि सारा ब्राइटमन ही मूळ संचातली जोडी १९८८ सालीच न्यूयॉर्कच्या प्रयोगातून बाहेर पडली होती. पुढची चौतीस वर्षं लोकांनी काय पाहिलं मग? दादाच्या हिशोबाने फसवणूक.

बरं, नट बदलले ते सोडा. नेपथ्य आणि वेशभूषा करणारी मारिया ब्यॉर्नसन २००२ मध्ये गेली. नृत्यं बसवणारी जिलियन लिन २०१८ मध्ये, दिग्दर्शक हॅरॉल्ड प्रिन्स २०१९ मध्ये. तरी पहिल्या अंकाच्या शेवटी ते झुंबर ठरलेल्या सुरावर खाली यायचंच. कारण ते कुणाच्या डोक्यात ठेवलेलं नव्हतं. स्टेज मॅनेजरच्या बाडात प्रत्येक दिव्याची, प्रत्येक पडद्याची, प्रत्येक हालचालीची जागा लिहिलेली असते. शुभारंभ झाला की दिग्दर्शक आपल्या पुढच्या कामाला लागतो आणि नाटक स्टेज मॅनेजरच्या ताब्यात जातं. नृत्यांवर डान्स कॅप्टनची नजर. कुणाचा हात खाली यायला लागला की दुसऱ्या दिवशी सांगणार. अंडरस्टडी रोज समूहात नाचतो आणि एखादी मोठी भूमिका तयार ठेवतो. स्टँडबाय नुसता तयार असतो. आणि स्विंग म्हणजे ज्याला समूहातल्या पाच-सात जणांच्या जागा पाठ असतात. आज कोण आजारी पडेल त्याप्रमाणे तो कधी इथे, कधी तिथे. नायिकेची, क्रिस्टीनची, भूमिका तर एकटीला झेपणारी नाही हे धरूनच आठवड्यातले दोन प्रयोग दुसरीला दिलेले असायचे. एमिली कुआचू अशीच 'दुसरी' म्हणून आली आणि २०२२ मध्ये ब्रॉडवेवरची पहिली कृष्णवर्णीय मुख्य क्रिस्टीन झाली. जॉर्ज ली अँड्र्यूज नावाचे गृहस्थ पहिल्या दिवसापासून लहानमोठ्या भूमिका करत ९,३८२ प्रयोगांत उभे राहिले. मूळ संच म्हणायचाच तर त्यांना म्हणा. त्यांचं नाव पाहून कुणी तिकीट काढलं नसेल.

मी पाहिलं तेव्हा प्लेबिल, म्हणजे नाटकाची माहितीपुस्तिका, उघडल्याबरोबर चिठ्ठी मांडीवर पडली: आजची अमुक भूमिका अमुक करणार. शेजारच्या ओहायोच्या काकूंनी ती वाचली, घडी करून पर्समध्ये ठेवली, आणि मध्यंतरात मला म्हणाल्या की मुलगी छान गाते. बस.

मी ग्रुपवर एक जुना व्हिडिओ टाकला. डिसेंबर २०२१, ओमिक्रॉनचे दिवस, विंटर गार्डन थिएटरमध्ये 'द म्युझिक मॅन'. नायिका सटन फॉस्टर आजारी पडली. कॅथी व्हॉयटको या स्विंगला दुपारी बारा वाजता कळलं की आज नायिका मॅरियन तिने करायची, एक वाजता तिची त्या भूमिकेतली पहिली तालीम. प्रयोग संपल्यावर नायक ह्यू जॅकमनने तिला पुढे आणलं आणि ब्रॉडवे या लोकांवर उभं आहे अशा अर्थाचं बोलला. टाळ्या थांबेनात. मी खाली लिहिलं, "पैसे परत मागायचे सोडून हे लोक बघा काय करतायत."

दादाने वाचलं, शोधलं, आणि पुढची बातमी टाकली. थोड्याच दिवसांत जॅकमनलाच कोविड झाला आणि प्रयोग रद्द. "तुमच्याकडे मूळ नट नसला की पडदा उघडतच नाही वाटतं?"

तो वेगळा मुद्दा आहे. साथ होती, मंडळी धडाधड आजारी पडत होती. आता ज्याचं नाव नाटकाच्या नावाच्याही वर छापलेलं असतं तो आला नाही तर इथेही तिकिटाचे पैसे परत मिळतात, हे खरं. 'फनी गर्ल'मध्ये बदली नायिका ज्युली बेन्कोने २०२२ चा अख्खा ऑगस्ट नाटक एकटीच्या गळ्यावर तोलून धरलं आणि सप्टेंबरात नवी मुख्य नायिका लिया मिशेल आल्यावर तिच्या वाट्याला गुरुवार उरले, हेही खरं. ते मी ग्रुपवर टाकलेलं नाही. दादाला आयतं कोलीत कोण देणार?

पण मला सांगा, हा मूळ संचाचा हट्ट आपल्यात शिरला कुठून? 'सौभद्र' १८८२ चं. भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा म्हणजे त्या काळचं वेड. १९०१ मध्ये भाऊराव गेले. किर्लोस्कर मंडळीने काय कुलूप लावलं? चार वर्षांनी नारायण राजहंस नावाचा मुलगा आला, त्याला आपण बालगंधर्व म्हणतो. 'कट्यार'चे खाँसाहेब १९६७ ला वसंतरावांनी उभे केले, नंतर त्यांच्या नातवाने केले, आणि लोकांनी डोळे पुसत ऐकले. तेव्हा कुणी म्हणालं का पैसे परत द्या?

दादा म्हणतो, नातू वेगळा आणि आयत्या वेळी ढकललेला मुलगा वेगळा. इथे तो थोडा बरोबर आहे, म्हणून जास्त राग येतो. त्या मुलाला कुणी किती तालमी दिल्या असतील? आपल्याकडे नटाला नाईट मिळते. प्रयोग झाला तर पैसे. विंगेत नुसता तयार बसून राहणाऱ्याला नाईट कुठला निर्माता देणार, आणि पाचशेच्या तिकिटात देणार तरी कसा? इथे इक्विटी या नटांच्या युनियनच्या दराने स्विंगलाही आठवड्याला दोन हजार डॉलरच्या वर पगार आणि वर आरोग्यविमा. त्या पैशाचं तिकीट काय होतं ते माझ्या क्रेडिट कार्डाला विचारा. मी रशच्या, म्हणजे त्याच दिवशीच्या स्वस्त तिकिटांच्या, रांगेत उभी राहते ती हौस म्हणून नाही. पण निदान जो मुलगा त्या रात्री उभा राहिला त्याचं एक पद ऐकून मग उठायचं. एवढं तर फुकट होतं.

इक्विटीवरून आठवलं. सारा ब्राइटमनलाच आधी न्यूयॉर्कमध्ये येऊ देत नव्हते. ती आंतरराष्ट्रीय तारका नाही, ही भूमिका अमेरिकन नटीला मिळाली पाहिजे, असं युनियनचं म्हणणं. भूमिका तिच्यासाठी लिहिलेली, संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर तेव्हा तिचा नवरा, तरी. शेवटी त्याने पुढे लंडनच्या एका नाटकात अमेरिकन कलाकार घ्यायचं कबूल केलं तेव्हा तडजोड झाली. हे काम इथला माणूस करू शकत नाही हे कागदावर सिद्ध करायचं म्हणजे काय असतं, ते एच-वन व्हिसावर वर्षं काढलेल्यांना विचारा. ब्राइटमनचा आवाज मला फारसा आवडत नाही, पण त्या बाबतीत मी तिच्या बाजूने आहे.

आता हे लिहितेच आहे तर तेही लिहून टाकते. आमच्या इथल्या मराठी मंडळात दिवाळीनंतर नाटक आणायचं घाटत होतं. निर्मात्याने कळवलं, नायिकेला मालिकेच्या चित्रीकरणामुळे जमत नाही, दुसरी मुलगी येईल, तिचे बरेच प्रयोग झालेत, चांगली करते. समितीच्या झूम मीटिंगमध्ये सगळे एका सुरात "नको" म्हणाले. मीही. कारणं आहेत. लोक फिलाडेल्फियाहून, कनेक्टिकटहून गाड्या हाणत येतात, वर्षातून एखादं नाटक मिळतं, हॉलचं भाडं निघायला हवं. ही कारणं खोटी नाहीत.

पण क्रिस्टीन कुणीही केली तरी मला चालते, कारण ती माझी कुणी लागत नाही. ब्रॉडवेवर मी उदार आहे ती पाहुणीसारखी. मराठी नाटकाच्या बाबतीत मला ती नटी हवी जी मी निघाले तेव्हा गडकरी रंगायतनच्या बाहेरच्या बोर्डवर होती. त्याच आवाजात, शक्यतो त्याच वयाची. मी नसताना तिथे जे कोण येऊन उभे राहिले, चांगले झाले, लोकांचे लाडके झाले, त्यांची मला ओळख नाही, आणि करून घ्यायची उत्सुकताही नाही. पुण्यातल्या त्या मुलाची बाजू मी एवढी हिरिरीने घेतली, त्याचं नाव मी अजून विचारलेलं नाही.

निर्मात्याला नकार कळवायचं काम माझ्याकडे आलंय. तारखा जुळत नाहीत असं लिहायचं ठरलंय.