काळ्या फिल्मला ‘परवानगी’ मिळाली म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

उन्हाचा चटका वाढला की एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, सांगणं तेच असतं: गाडीच्या काचांवर फिल्म लावायला कोर्टाने परवानगी दिली आहे, 50 टक्के फिल्म सगळीकडे चालते, पोलिसांना आता दंड करता येत नाही, अडवलं तर निकाल दाखवा. खाली पुरवणी असते. फिल्मने गाडी थंड राहते, बायका-मुलं सुरक्षित राहतात, रात्री समोरच्या दिव्यांचा त्रास होत नाही, परदेशात तर सगळेच लावतात.

यातली एक गोष्ट खरी आहे. तिच्या जिवावर बाकीचं सगळं खपून जातंय, म्हणून आधी तीच घेतो.

‘कोर्टाने परवानगी दिली आहे’

सप्टेंबर 2024 मध्ये केरळ उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. नगरेश यांनी एक निकाल दिला, हे खरं. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 100 गाडीच्या काचांबद्दल आहे. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांमधून किमान 50 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असं तो सांगतो. 1 एप्रिल 2021 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने या नियमात ‘सेफ्टी ग्लास’च्या जोडीला ‘सेफ्टी ग्लेझिंग’ आलं. भारतीय मानक ब्युरोच्या 2019 च्या मानकात, आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा थर असलेली काचही या ग्लेझिंगमध्ये बसते. त्यावरून केरळच्या न्यायालयाने म्हटलं की 70 आणि 50 ची अट पाळली जात असेल, तर अशा फिल्मसाठी गाडीवाल्याला दंड करता येणार नाही.

म्हणजे काळ्या काचांना कोणीही मोकळीक दिलेली नाही. 70 आणि 50 ही मर्यादा त्या निकालातही जशीच्या तशी आहे. मेसेजमध्ये मात्र अट गळते आणि ‘परवानगी’ तेवढी उरते.

‘निकाल देशभर लागू आहे’

नाही. एका उच्च न्यायालयाचा निकाल दुसऱ्या राज्यात युक्तिवाद म्हणून मांडता येतो, पण तिथल्या पोलिसांवर किंवा न्यायालयावर तो बंधनकारक नसतो. पुण्यात, नागपुरात किंवा मडगावला केरळचा निकाल दाखवून चलान रद्द होईल या भरवशावर राहू नका.

देशभर बंधनकारक असतो तो सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, आणि त्याचा उल्लेख या मेसेजमध्ये कधीच नसतो. अविषेक गोयंका यांच्या जनहित याचिकेवर 27 एप्रिल 2012 रोजी सरन्यायाधीश एस. एच. कापडिया, न्या. ए. के. पटनायक आणि न्या. स्वतंत्र कुमार यांच्या पीठाने निकाल दिला. 4 मे 2012 पासून गाडीच्या काचांवर कोणत्याही टक्केवारीची काळी फिल्म किंवा इतर काहीही चिकटवायला बंदी झाली. पोलिसांनी चलान तर करावंच, शिवाय फिल्मही काढून टाकावी, असा स्पष्ट आदेश होता. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं: प्रकाशाचं प्रमाण काच तयार होतानाच ठरलेलं असावं, नंतर काही चिकटवून ते बदलायला नियमात जागा नाही. फिल्म बनवणारे आणि विकणारे पुन्हा न्यायालयात गेले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांच्या अर्जांवरही न्यायालयाने भूमिका बदलली नाही.

2021 च्या दुरुस्तीने हा निकाल कितपत मागे पडतो, हा खरा कायदेशीर प्रश्न आहे आणि त्यावर दोन प्रामाणिक मतं असू शकतात. पण प्रश्न असणं आणि परवानगी मिळणं यात फार अंतर आहे.

‘50 टक्के फिल्म चालते’

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, आणि पैसेही इथेच जातात.

फिल्मच्या खोक्यावरचा आकडा, म्हणजे ती किती टक्के प्रकाश आत सोडते तो, त्या फिल्मपुरता असतो. नियमातला आकडा गाडीला बसवलेल्या काचेचा आहे. कंपनीतून येणारी काच मुळातच थोडा प्रकाश अडवते, आजकालच्या हिरवट काचा तर नक्कीच. समजा तुमच्या बाजूच्या काचेतून 75 टक्के प्रकाश आत येतो. तिच्यावर 50 टक्क्यांची फिल्म लावली तर 75 चे निम्मे, म्हणजे साधारण 37 टक्केच उरतात. केरळचा निकाल शब्दशः मानला तरी ही काच बेकायदेशीर ठरते. त्याच काचेवर 70 टक्क्यांची, म्हणजे बरीच फिकी फिल्म लावली, तर 52 टक्क्यांवर जेमतेम निभावतं. आणि कंपनीची काचच 50 च्या आसपास असेल तर कुठल्याही फिल्मला जागाच उरत नाही.

पुढच्या काचेचा हिशेब आणखी कडक आहे. 75 वरून 70 च्या खाली जायचं नाही, तर फिल्ममधून 93 टक्क्यांहून जास्त प्रकाश यायला हवा. इतकी पारदर्शक फिल्म लावलेली डोळ्यांना कळणारही नाही. लोकांना जी ‘काळी काच’ हवी असते ती नियमाचा कोणताही अर्थ लावला तरी पुढे बसत नाही. मागच्या काचेलाही हीच 70 ची अट आहे, आणि तिच्यावरच सर्रास सगळ्यात गडद फिल्म असते.

दुकानदार ‘सर्टिफिकेट देतो, पोलिसांना दाखवा’ म्हणतो. ते सर्टिफिकेट फिल्मचं असतं. तुमच्या काचेवर लावल्यावर किती प्रकाश उरला, हे त्यात कुठेही लिहिलेलं नसतं.

‘पण कंपनीच काळपट काच देते की’ असं कोणी म्हणेल. देते. तो रंग काचेच्या आतच असतो आणि ती काच मानकानुसार तपासून आलेली असते. काचेच्या खालच्या कोपऱ्यात आयएसआयची खूण आणि मानकाचा क्रमांक, आयएस 2553, कोरलेला दिसेल. ज्याला काळपट काच हवी त्याने ती गाडीसोबतच घ्यावी.

‘पोलिसांकडे प्रकाश मोजणारं मीटर नसेल तर दंड करता येत नाही’

2012 च्या निकालानुसार मोजायची गरजच नाही, फिल्म असणं पुरेसं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 177 खाली पहिल्यांदा 500 रुपयांपर्यंत आणि पुन्हा सापडल्यास 1500 रुपयांपर्यंत दंड आहे. आकडा लहान वाटतो, पण फिल्म काढायला लागते तेव्हा तिचे हजारो रुपये पाण्यात जातात, ते वेगळे.

केरळची वाट धरायची असेल तर मात्र मीटर हवाच, कारण तिथे सगळं मोजमापावर उभं आहे. फिल्म चालू द्या आणि मोजूही नका, हे दोन्ही एकदम मागता येणार नाही.

‘फिल्मने गाडी थंड राहते’

चंद्रपूर-अकोल्यात 45 अंशांत गाडी उभी करणाऱ्याला मी उन्हाचं काय सांगणार? त्रास खरा आहे. पण काळेपणा आणि थंडावा यांचा संबंध लोक समजतात तितका नाही. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेपैकी जवळपास निम्मी अवरक्त किरणांची असते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. दिसणारा प्रकाश चाळीस टक्क्यांच्या थोडा वर. स्वस्त काळी फिल्म मुख्यतः हा दिसणारा प्रकाश अडवते, म्हणजे ड्रायव्हरला ज्याची गरज आहे तोच. शिवाय ती उष्णता स्वतः शोषते, काच तापते आणि त्यातली काही उष्णता आतच येते. अवरक्त किरण अडवणाऱ्या जवळजवळ पारदर्शक फिल्म्स असतात, महाग असतात, आणि 2012 च्या निकालाच्या कक्षेत त्याही येतात.

त्वचेच्या आजारामुळे ऊन टाळावंच लागतं अशा माणसांसाठी तरी या पारदर्शक फिल्मची वाट नियमात स्पष्टपणे खुली व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं. बाकीच्यांना गाडी उभी असताना पुढच्या काचेला चमकदार पडदा लावता येतो, आणि निघताना दारं-काचा उघडून कोंडलेली गरम हवा आधी बाहेर घालवता येते. यावर कोणाचाही आक्षेप नाही.

‘बायका-मुलं सुरक्षित राहतात’

या मुद्द्यावर मला थांबावंसं वाटतं, कारण याचं उलटं खरं आहे. 2012 च्या याचिकेच्या मुळाशीच चालत्या गाड्यांमध्ये होणारे गुन्हे आणि स्त्रियांवरचे अत्याचार होते. काळी काच आतल्या माणसाला लपवते. तो माणूस संकटात आहे की संकट घडवतोय, याची तिला फिकीर नसते. बाहेरच्याला आतलं दिसणं, हीच आतल्या असहाय माणसाची शेवटची आशा असते.

उभ्या गाडीत खेळता खेळता मुलं अडकून गुदमरल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात कुठून ना कुठून येतात. काचेतून दिसलं तर जाणारा-येणारा थांबेल, आरडाओरडा करेल, काच फोडेल. दिसलंच नाही तर शेजारून लोक जात राहतील.

फिल्म फुटलेली काच धरून ठेवते, हेही खरं आहे. पण बाजूची टफन्ड (तापवून कडक केलेली) काच मुळात लहान, बोथट तुकड्यांत फुटावी अशीच बनवलेली असते. गाडी पाण्यात किंवा आगीत सापडली तर तीच काच फोडून बाहेर पडायचं असतं, आणि तुकडे धरून ठेवणारी फिल्म तेव्हा आडवी येते. 26 जुलै 2005 च्या पावसात मुंबईत गाड्यांमध्ये अडकून माणसं गेली. ज्या शहराने ते पाहिलंय, तिथे तरी हा मुद्दा फिल्मच्या बाजूने मांडला जाऊ नये.

‘रात्री समोरच्या दिव्यांचा त्रास कमी होतो’

समोरच्याचा अप्पर पुढच्या काचेतून डोळ्यांवर येतो, आणि तिथे गडद फिल्म कोणत्याही निकालाने बसत नाही. बाजूच्या फिल्मने त्यात काही फरक पडत नाही. उलट रात्री काळी काच म्हणजे अंधारात गॉगल. साखर कारखाने सुरू झाले की सांगली-कोल्हापूरकडे टेललाइट नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. घाटात वळताना नजर बाजूच्या काचेतूनच जाते, तिठ्यावर चालत येणारा माणूस तिथेच दिसायचा असतो. साठीच्या डोळ्यांच्या पडद्यावर विशीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. त्यातलाही दोन तृतीयांश काचेवर अडवला, तर वडिलांच्या हाती आपण कसली गाडी देतोय?

आणि रस्त्यावर एकटा ड्रायव्हर नसतो. रस्ता ओलांडणारी बाई ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे बघते, त्याने आपल्याला पाहिलंय का याचा अंदाज घेते आणि मग पाऊल टाकते. दुचाकीवाला उभ्या गाडीत कोणी बसलंय का ते बघून दार उघडेल की काय हे ताडतो. मागचा गाडीवाला पुढच्या गाडीच्या काचांमधून त्याच्याही पुढचा ब्रेकलाइट बघतो. काळ्या काचेने ही सगळी माहिती एकदम नाहीशी होते, आणि ती ज्यांची जाते त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

‘परदेशात सगळीकडे चालतं’

ब्रिटनचा नियम बघा. तिथे 1985 नंतरच्या गाड्यांच्या पुढच्या काचेतून 75 टक्के आणि ड्रायव्हरशेजारच्या काचांमधून 70 टक्के प्रकाश गेलाच पाहिजे. मागच्या बाजूला मोकळीक आहे. म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला त्यांचा नियम आपल्या 50 पेक्षा कडक आहे.

‘मग नेत्यांच्या गाड्यांना कोण अडवतं?’

या प्रश्नातला राग रास्त आहे. 2012 च्या निकालाने झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांच्या गाड्यांपुरतीच सवलतीची वाट ठेवली, तीही पोलीस महासंचालक किंवा आयुक्त आणि गृहसचिव यांच्या समितीच्या परवानगीने. गावोगावी ‘भाऊ’, ‘दादा’ लिहिलेल्या ज्या काळ्या काचांच्या गाड्या फिरतात त्यांच्यासाठी कोणतीही सवलत नाही. त्यांना सोडून सामान्य माणसाला अडवणं हा अन्याय आहे, आणि तो बोलून दाखवायलाच हवा. केरळच्या मोटार वाहन विभागाने जानेवारी 2021 मध्ये ‘ऑपरेशन स्क्रीन’ नावाची मोहीम काढून काळ्या फिल्म आणि पडद्यांवर कारवाई केली होती. तशी मोहीम इथे काढायची तर सुरुवात याच गाड्यांपासून व्हावी. जोडीला केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने नियम 100 मध्ये एकच वाक्य घालावं: मालकाने नंतर लावलेली फिल्म चालते की नाही, आणि चालत असेल तर ती कोण, कुठे, कशाने मोजणार.