टोपीवाल्यांच्या वतीने

‘एक गावकार’ यांस,

गावाबाहेरच्या कोमुनिदादीच्या (गोव्यातल्या गावकऱ्यांच्या सामायिक जमिनीच्या संस्थेच्या) पडीक मळ्यात आम्ही काही जणांनी तीन वर्षांत पक्ष्यांसाठी आणि फुलपाखरांसाठी जागा कशी केली, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचली ती आपण खरोखरच तसे लिहिले आहे ना, याची खात्री करून घेण्यासाठी. भाजीची जमीन रानाला देणे हा शेतीचा अपमान आहे, तळ्यामुळे डास वाढतील, आम्हाला अधिकार कोणी दिला, आणि रानमोडी या माजणाऱ्या तणावर फुलपाखरे बसत असताना ती उपटणे हे अज्ञान आहे, असे आपले म्हणणे आहे. आपण एवढ्यावर थांबला असता, तर मतभेद समजून मी गप्प बसलो असतो. पण पुढे आपण लिहिता : ‘रविवारी टोप्या घालून फोटो काढायला येणाऱ्या नोकरदारांना मळा काय आणि रान काय, दोन्ही सारखेच.’

आधी माझी चूक मान्य करतो. हळदीकुंकू फुलपाखराची अळी करवंदाची पाने खाते असे मी लिहिले होते. ती बांडगुळाची खाते, हे आपले म्हणणे बरोबर आहे आणि लेखात दुरुस्ती केली आहे. वास्तविक ही चूक माझ्याकडून व्हायला नको होती, कारण तिथल्या आंब्यावरचे एक बांडगूळ आम्ही मुद्दाम राखले आहे. त्याच्या पानाच्या पाठीवर ओळीने चिकटवलेली पिवळी अंडी मी स्वतः पाहिली आहेत.

आता टोपीविषयी. त्याच मळ्यात पश्चिमेकडून तिसरा तुकडा माझ्या आईचा होता. भात कापले की ती तिथे मिरसांग (मिरची), अळसांदे (चवळी) आणि मुळा करायची, आणि शाळेला जाण्यापूर्वी झरीवरून बारा कळशा पाणी आणून ओतणे हे माझे काम होते. खांद्यावरची कळशी हिंदकळून शर्टाची एक बाजू भिजे आणि पहिला तास मी तसाच ओला बसून काढी. मळा आणि रान यांतला फरक मला आपल्याकडून शिकण्याची वेळ आलेली नाही, हे नम्रपणे सांगतो. नम्रपणा कमी पडला असेल तर त्याला माझा नाइलाज आहे.

मळा पडीक पडला तो फुलपाखरांमुळे नव्हे. झर आटली, मजुरी परवडेनाशी झाली आणि आम्ही मुले पणजीला नोकरीला लागलो. होय, मीही लागलो. पण त्यानंतर अठरा वर्षे तिथे रानमोडी माजत होती आणि लग्नाच्या जेवणांच्या थर्माकोलच्या थाळ्या येऊन पडत होत्या, तेव्हा शेतीच्या अपमानाबद्दल कोणी चार ओळी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आम्ही तिथून नुसत्या काचेच्या बाटल्यांची एकवीस पोती बाहेर काढली. त्याचा फोटो मात्र आमच्यापैकी कोणीच काढला नाही.

रानमोडीवर फुलपाखरे बसतात हे खरे आहे. काही जातींचे नर तिच्यातली विशिष्ट द्रव्ये शोषायलाच येतात, कारण मादीला ओढून घेणारा गंध त्यांना त्यातून बनवायचा असतो. परंतु तशीच द्रव्ये आपल्याकडच्या घागऱ्यांत, म्हणजे खुळखुळ्यातही असतात. शिवाय बसायला फूल मिळणे वेगळे आणि अळीला खायला तिच्या ठरावीक झाडाचे पान मिळणे वेगळे. रानमोडी मातीवर अशी सावली धरते की तिच्याखाली ते दुसरे पान उगवतच नाही. ती निघाल्यावर दुसऱ्याच पावसात घागऱ्या आपोआप वर आल्या, आणि यंदा चतुर्थीला वाड्यावरच्या चार घरांच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर रानफळाफुलांनी सजवायच्या चौकटीला, त्या तिथूनच गेल्या. आपल्या घरी माटोळी कुठून येते, हे मी विचारत नाही.

शेती आणि पाखरे एकमेकांच्या मुळावर आलेली नाहीत, यासाठी कुडचड्याचे नंदा तळे पाहावे. २०२२ मध्ये गोव्यातले पहिले रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरलेले हे तळे अवघे ४२ हेक्टरांचे असून त्यात साठवलेल्या पाण्यावर खालची भातशेती होते.

आमचे तळे म्हणजे बारा हातांचा खड्डा आहे. त्यात चतुरांच्या अळ्या आहेत आणि त्या डासांच्या अळ्या खातात. आपल्या अंगणातल्या रिकाम्या कुंड्यांत कोण आहे ते आपण पाहावे. अधिकाराच्या वादात मी इथे शिरत नाही. कोमुनिदादींची १९६१ ची संहिता एकट्या आपणच वाचली आहे असे समजू नये, एवढेच. अर्धा मळा भाजीला ठेवता आला असता ही सूचनाही वाचली. पाणी कोण आणणार, ते मात्र आपण लिहिलेले नाही.

आपल्या गड्याने दोन दिवसांत कोयत्याने सगळे साफ केले असते, असेही आपण म्हणता. पूर्वेकडचा पट्टा अजून शिल्लक आहे आणि रानमोडी नोव्हेंबरात फुलायला लागेल, त्याआधी तो उरकायचा आहे. आम्ही रविवारी साडेसहाला जमतो. गड्याला जरूर पाठवा. कोयता मात्र घरीच ठेवायला सांगा, कारण कापलेली रानमोडी बुंध्यातून पुन्हा फुटते, ती मुळासकट हाताने उपटावी लागते.