पान्हा चोरणारी गाय

गेल्या दिवाळीपासून आमच्या गोठ्यातली वासरं दिवसभर आईजवळ असतात. संगमनेर तालुका, नऊ एचएफ (होल्स्टिन, जास्त दुधाच्या विदेशी जातीच्या) गाई, मुक्त गोठा. संध्याकाळी वासरं वेगळी कोंडतो, पहाटे धार काढतो, मग फाटक उघडतो.

"दूध वासरानं प्यायचं आणि तुम्ही नुसतं शेण काढायचं होय?" संकलन केंद्रावर एकानं विचारलंच. त्याचा हिशोब चुकीचा नाही. जन्मतः वासरू 30 किलोचं. बाटलीनं वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं पाजलं तरी रोज 3 लिटर, म्हणजे दोन महिन्यांत 180 लिटर. 30 रुपये भाव धरला तर 5,400 रुपये. आईला मोकळं लुचणारं वासरू याच्या दुप्पट सहज पितं.

पण खरा फटका फॅटचा. दर ठरतो 3.5 टक्के फॅट आणि 8.5 टक्के एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ). वासराची सवय लागलेली गाय मशीनला पान्हा चोरते, म्हणजे सगळं दूध सोडत नाही, आणि सगळ्यात जास्त फॅट असतं ते शेवटच्या धारेत. ते ती राखून ठेवते. कोणासाठी, ते सांगायला नको.

आजीची खिलार गाय वासराशिवाय थेंब द्यायची नाही. आधी वासरू सोडायचं, पान्हा फुटला की ते गाईच्या पुढच्या पायाशी बांधायचं. ती चाटत राहायची, आजी धार काढायची. एक सड वासराचं, तिथे हात लावायचा नाही. वासरू मेलं तर कातड्यात पेंढा भरून पुढ्यात ठेवायचे लोक. (तेव्हाही सगळं माया-ममतेनं चालायचं असं नाही.) पान्हा फुटतो ऑक्सिटोसिनमुळे. तेच पुढे काही गोठ्यांत चोरून सुईनं टोचायला लागले.

"पहिल्याच दिवशी वासरू आईपासून तोडा, म्हणजे माया लागत नाही," असं सांगतात. ते खरंही आहे, हंबरणं कमी होतं. आम्ही पहिली जोडी दोन महिन्यांनी एका झटक्यात तोडली, तर गाय तीन दिवस नीट वैरण खाईना. घरात कोणाला झोप नाही. आता आठवडाभर मध्ये पाइपाचं कुंपण ठेवतो. चाटता येतं, लुचता येत नाही.

फायदा? हगवण कमी झाली. वासरं एकमेकांचे कान चोखत बसत नाहीत.

तरी शेजाऱ्याला "तूही कर" म्हणायची माझी हिंमत नाही. वासराचा वाटा सोडून उरलेल्या दुधाला जास्त दर मिळाला, तरच हे परवडेल. वसुबारसेला सवत्स धेनूचे फोटो पाठवणारे शहरातले आमचे नातेवाईक लिटरमागे दोन रुपये वाढले की कुरकुरतात, त्यांनी यावर बोलावं. गोऱ्ह्यांचा, म्हणजे नर वासरांचा, प्रश्न तर आणखी अवघड. वशिंड नाही, औताला जमत नाही, 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर कोणी घेतही नाही. कालवडीच होणारं सिमेन वापरलं तरी दहातला एखादा होतोच.

मध्यंतरी तीन नंबरची व्यायली. गोऱ्हाच झाला. सध्या तोही आईजवळ आहे, आणि त्या गाईचं फॅट आज 3.1 लागलं.