‘कुणाचे काय अडले?’ या संदेशाला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक जुना संदेश पुन्हा फिरत आला. त्याचा सारांश असा : लॉकडाउनमध्ये ऑपरेशने तीन महिने बंद होती, तरी मृत्यू वाढले नाहीत, म्हणजे निम्मी ऑपरेशने पैशांसाठीच होतात, सर्जन घरी बसून होते, आणि ऑपरेशनपूर्वीची कोरोना चाचणी हा कमाईचा धंदा होता. असे संदेश मी एरवी पुसून टाकते. या वेळी साताऱ्याच्या आत्याने, जिला स्तनातील गाठीच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळालेली आहे, त्याखाली लिहिले, ‘मग मीही थांबून बघते.’ त्या काळात मी एका रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात परिचारिका होते, त्यामुळे गप्प राहणे शक्य नाही.

मुळात शस्त्रक्रिया ‘बंद’ नव्हत्या. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात कर्करोगाच्या ४९४ मोठ्या नियोजित शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतील एकही रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दगावला नाही. मृत्यूंचे म्हणाल, तर देशातील नोंदणीकृत मृत्यू २०१९ मध्ये ७६.४ लाख होते, ते २०२० मध्ये ८१.२ लाख झाले आणि २०२१ मध्ये एक कोटीच्या वर गेले. रस्ते ओस पडल्यामुळे अपघाती मृत्यू घटले, हे खरे. पण त्याचे श्रेय बंद ऑपरेशन थिएटरला कसे देता येईल?

संदेशातील सर्वांत घातक भाग तीन महिन्यांच्या हिशेबात आहे. कर्करोगाची शस्त्रक्रिया एप्रिलमध्ये रद्द झाली, म्हणून रुग्ण जूनमध्ये मरत नाही. त्याचा आजार दुसऱ्या टप्प्यातून चौथ्यात जातो आणि तो मृत्यू दोन-तीन वर्षांनी, कोरोनाचा उल्लेखही नसलेल्या कागदावर नोंदवला जातो. ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात २०२१ मध्ये देशातील ४१ कर्करोग केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार मार्च ते मे या तीन महिन्यांत नव्या रुग्णांची नोंदणी २०१९ मध्ये १,१२,२७० होती, ती २०२० मध्ये ५१,७६० झाली. मोठ्या शस्त्रक्रिया १७,१२० वरून ८,६७७ वर आल्या. निम्म्या लोकांचा कर्करोग त्या उन्हाळ्यात आपोआप बरा झाला, असे संदेशकर्त्याला म्हणायचे आहे काय?

आमच्या थिएटरबाहेरच्या फळ्यावर दुसऱ्या दिवशीची यादी खडूने लिहिलेली असे. मार्चअखेरीस तिच्यातील एका रुग्णाच्या नावापुढे ‘पुढे ढकलली’ असे मीच लिहिले. गालाच्या आतील जखम, तंबाखूची जुनी सवय. त्या वेळी जबडा वाचणार होता. गाड्या नाहीत, पास नाही, अशा अडचणींतून तो जुलैमध्ये पोहोचला, तेव्हा गालाला बाहेरून छिद्र पडलेले होते. जबड्याचा अर्धा भाग काढून छातीवरचे मांस आणि कातडी तेथे बसवावी लागली. तो वाचला, म्हणजे संदेशाच्या हिशेबात त्याचे काहीच अडले नाही.

सर्जन घरी बसल्याचा आरोप तर हास्यास्पद आहे. शस्त्रक्रियागृह भूलतज्ज्ञाशिवाय चालत नाही, आणि आमचे बहुतेक भूलतज्ज्ञ अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटर सांभाळत होते. भुलीची दोन यंत्रेही तिकडेच नेली होती. अस्थिव्यंग विभागातील निवासी डॉक्टर पीपीई किट चढवून कोविड वॉर्डात ऑक्सिजनची पातळी मोजत उभे असत. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस, म्हणजे काळ्या बुरशीचा आजार आला, तेव्हा कान-नाक-घसा, नेत्र आणि मुख शल्यचिकित्सक एकाच टेबलाभोवती उभे राहून सडलेले सायनस, वरचा जबडा, कधी डोळाही काढत होते.

चाचणीचा मुद्दा थोडक्यात. मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या २४ देशांतील १,१२८ रुग्णांच्या अभ्यासात, शस्त्रक्रियेच्या आगेमागे कोरोना झालेल्यांपैकी २३.८ टक्के महिनाभरात दगावले होते. त्यांतील बहुतेक शस्त्रक्रिया तातडीच्या होत्या आणि लस तेव्हा आलेली नव्हती, हे लक्षात घेतले तरी चाचणी कशासाठी होती ते समजायला हरकत नसावी. खासगी प्रयोगशाळांचे दर सरकारला ठरवून द्यावे लागले, हे मात्र मान्य.

आणि अनावश्यक शस्त्रक्रिया होतात, हेही नाइलाजाने मान्य करते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये शासकीय समितीला चौकशी करावी लागली, ती उगाच नव्हे. परंतु तेथील शंका गर्भपिशवीविषयी होती. बायोप्सीत कर्करोग दिसलेल्या गाठीला ती लागू होत नाही.

हे सारे मी गटावर टाकण्याआधी आत्याला फोनवर वाचून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, ‘ऑपरेशननंतर जखमेत ती नळी किती दिवस ठेवतात गं? पोळ्याला घरी येता येईल ना?’